इंग्रजी लेखनांतील वाक्यांची सांधणी

आमच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट दरवर्षीं आमच्या नजरेस येते. जो मुलगा मराठी निबंधांत पंधरावीस शब्दांचें वाक्य सहज लिहून जातो, तोच इंग्रजी वहींत चार शब्दांपलीकडे पाऊल टाकण्यास धजत नाहीं. जत्रेवरील निबंध असला तर तो असा येतो : 'इट वॉज संडे. वुइ वेंट टु द फेअर. द फेअर वॉज बिग. देअर वेअर मेनी शॉप्स. आय बॉट अ टॉय. आय वॉज हॅपी.' यांत व्याकरणाची चूक शोधूनही सांपडावयाची नाहीं. तरीपण वाचणाऱ्यास आपण खडीच्या रस्त्यावरून अनवाणी चाललों आहों असें वाटतें. (या लेखांत इंग्रजी वाक्येंही देवनागरींतच छापिलीं आहेत. तीं मनांत न वाचतां मोठ्यानें म्हणावीं, म्हणजे त्यांतील ठेंच कानास लागेल.)

असें कां व्हावें? मुलें मंद आहेत म्हणून नव्हे. तीं भितात. दर चुकीमागें गुण जाणार हें त्यांस ठाऊक असतें, आणि वाक्य जितकें लहान तितकी चूक कमी, हा हिशेब तीं फार लौकर शिकतात. जो फलंदाज रेषेबाहेर पाऊलच टाकीत नाहीं तो यष्टिचीत होत नाहीं हें खरें. पण त्याच्या धावा किती होतात हेंही पाहिलें पाहिजे. आम्ही शिक्षक लाल शाईनें चुका मोजतों, परंतु न केलेल्या धाडसाची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. परिणाम असा होतो कीं, सोळा वर्षांच्या मुलाची समजूत सात वर्षांच्या मुलाच्या आंगरख्यांत कोंबली जाते, आणि ज्या परक्या परीक्षकानें किंवा अधिकाऱ्यानें त्याचें मराठी कधीं ऐकिलें नाहीं, तो त्या आंगरख्यावरूनच मुलाची उंची ठरवितो.

वय वाढतें तसें वाक्य वाढतें, ही केवळ आमची समजूत नव्हे. अमेरिकेंत केलॉग हंट या अभ्यासकानें चौथ्या, आठव्या व बाराव्या इयत्तेंतील मुलांचें लेखन शब्दाशब्दानें मोजलें, आणि तें १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. एक प्रधान वाक्य व त्यास चिकटलेलीं सर्व गौण वाक्यें मिळून त्यानें एक माप धरिलें. त्या मापाची सरासरी लांबी चौथींत ८.६ शब्द, आठवींत ११.५ आणि बारावींत १४.४ भरली. लहान मुलें एकामागून एक विधानें 'अँड' लावून ओढीत नेतात. मोठीं मुलें एका विधानांत दुसरें बसवितात. पुढें १९७३ सालीं फ्रँक ओहेअर यानें सातवींतील मुलांकडून व्याकरणाची परिभाषा न शिकवितांच वाक्यें जोडण्याचा सराव करून घेतला, आणि त्यांचें लेखन इतरांहून अधिक प्रौढ झालेलें त्यास आढळलें. हा सराव तेथील शाळांत आजही चालतो. आपल्याकडे त्यासच वाक्यसंकलन असें जुनें नांव आहे.

परंतु वाक्यसंकलन म्हणजे दोन पूर्णविराम खोडून मध्यें 'अँड' घालणें, असें बहुतेक विद्यार्थी समजतात. हा समज जावा म्हणून एक अगदीं लहान उदाहरण घेऊं. 'ही इज पुअर. ही इज ऑनेस्ट.' तो गरीब आहे. तो प्रामाणिक आहे. हीं दोन वाक्यें जोडा पाहूं.

'ही इज पुअर अँड ऑनेस्ट' असें म्हटलें तर दोन गुण नुसते शेजारीं बसले. 'ही इज पुअर बट ऑनेस्ट' म्हणतांच मात्र आपण न कळत एक तिसरेंच विधान करून गेलों. तें हें कीं, गरीब मनुष्य सामान्यतः प्रामाणिक नसतो, हा आपला अपवाद! 'ही इज पुअर बिकॉज ही इज ऑनेस्ट' म्हटल्यास तो साऱ्या जगावर ठेविलेला आरोप झाला. आणि 'दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट' यांत गरिबी मागें सरून प्रामाणिकपणावर सगळा उजेड पडतो. त्याच वाक्याचीं दोन अंगें उलटीं फिरविलीं, 'दो ही इज ऑनेस्ट, ही इज पुअर' असें केलें, कीं तेवढ्यांतच स्तुतीची हळहळ होते. शब्द तेच, मनुष्य तोच. पण जोडणाऱ्या एका अव्ययानें लिहिणाऱ्याचें मन उघडें पाडलें. फीमाफीच्या इंग्रजी अर्जांत 'माय फादर इज अ पुअर बट ऑनेस्ट मॅन' हें वाक्य आम्हीं कितीदां तरी वाचलें आहे. आपल्याच बापाविषयीं आपण काय कबूल करीत आहों, हें तें लिहिणाऱ्या मुलास समजलें असतें तर त्याची लेखणी तेथें थांबली असती. 'माय फादर इज ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग, बट हिज अर्निंग्ज आर स्मॉल' असें लिहिण्यास कांहीं अधिक व्याकरण लागत नाहीं. येथें 'बट' हा शब्द बापाच्या स्वभावांतून उचलून त्याच्या मिळकतीपुढें ठेविला, इतकेंच.

सारांश, जोडतांना प्रथम विचारावयाचें तें हें, कीं यांपैकीं मुख्य गोष्ट कोणती व तिच्या आश्रयानें राहणारी कोणती. याचें उत्तर व्याकरणांत नसतें. तें आपणांस काय सांगावयाचें आहे यांत असतें. विल्यम कॅरी याच्याविषयीं हीं पांच वाक्यें पाहा : 'विल्यम कॅरी वॉज अ शूमेकर. ही वॉज अॅन इंग्लिशमन. ही केम टु बेंगॉल इन १७९३. ही लर्न्ड मेनी लँग्वेजेस. ही पब्लिश्ड अ मराठी ग्रामर इन १८०५.' पांचही वाक्यें खरीं, आणि पांचही सारख्याच आवाजांत बोलणारीं. मराठी व्याकरणांचा इतिहास लिहावयाचा असेल तर आपण म्हणूं : 'विल्यम कॅरी, अॅन इंग्लिशमन हू केम टु बेंगॉल इन १७९३, पब्लिश्ड अ मराठी ग्रामर इन १८०५.' येथें जोड्यांचा धंदा गाळला तरी चालेल. पण विषय जर 'विद्या आणि धंदा' असा असेल, तर तोच धंदा पुढें येतो : 'दो ही हॅड बिगन लाइफ अॅज अ शूमेकर, विल्यम कॅरी लर्न्ड मेनी लँग्वेजेस अँड पब्लिश्ड अ मराठी ग्रामर.' 'अॅन इंग्लिशमन' हें वाक्य पहिल्या नमुन्यांत नामाच्या शेजारीं नुसतें टेकून बसलें. त्यास स्वतंत्र क्रियापदाची गरजच उरली नाहीं. तुटक वाक्यांतील निम्मीं 'वॉज' या एका युक्तीनें नाहींशीं होतात.

आतां आमच्या मराठी मुलांस विशेष अडविणाऱ्या जागांकडे वळूं. इंग्रजांनीं इंग्रजांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत त्या सांपडणें कठीण. मराठी भाषा वाक्यें सांधण्यांत मुळींच दरिद्री नाहीं. तिचीं साधनें मात्र निराळीं आहेत, आणि तीं जशींच्या तशीं इंग्रजींत नेलीं कीं गाडी रुळांवरून घसरते.

आपलें सर्वांत लाडकें साधन म्हणजे 'ऊन'. 'सकाळीं उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, दप्तर घेऊन तो शाळेंत गेला.' किती सुरेख ओघ आहे! हुशार मुलास कोणीं सांगितलेलें असतें कीं, 'ऊन' म्हणजे 'हॅविंग'. मग तो लिहितो : 'हॅविंग गॉट अप, हॅविंग वॉश्ड हिज फेस, हॅविंग ड्रंक टी, हॅविंग टेकन हिज बॅग, ही वेंट टु स्कूल.' हें इंग्रजी वाचून कोणाही इंग्रजास धाप लागेल. अशा ठिकाणीं इंग्रजी रीति अगदीं साधी आहे. कर्ता एकदां सांगावा, क्रियापदें ओळीनें ठेवावीं, आणि 'अँड' फक्त शेवटच्यापूर्वीं घालावें : 'ही गॉट अप, वॉश्ड हिज फेस, ड्रँक हिज टी, पिक्ड अप हिज बॅग अँड वेंट टु स्कूल.' मग 'हॅविंग' कोठें? पहिली क्रिया दुसरीचें कारण असेल तेथें तें शोभतें. 'हॅविंग लॉस्ट हिज की, ही कुड नॉट ओपन द डोअर.' आणि गंमत अशी कीं, नेमक्या या ठिकाणीं मराठींत 'ऊन' येतच नाहीं. आपण 'किल्ली हरवल्यामुळें' असें म्हणतों.

दुसरी जागा जोडशब्दांची. 'जरी–तरी', 'जेव्हां–तेव्हां', 'जो–तो' हीं आपलीं अव्ययें व सर्वनामें जोडप्यानें हिंडतात. एकास घरीं ठेवून दुसऱ्यास बाहेर नेणें आपणांस प्रशस्त वाटत नाहीं. त्यामुळें 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम', 'व्हेन द बेल रँग, देन वुइ वेंट आउट', 'द मॅन हू केम येस्टरडे, ही इज माय अंकल' अशीं वाक्यें वहींत भरतात. इंग्रजींत यांपैकीं एकच पुरे. 'ऑल्दो' आलें कीं 'बट' गेलें. 'हू' आलें कीं मागचा 'ही' गेला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'दो' पुढें 'येट' आढळतें, तें पाहून कोणी आम्हांस अडवील. पण 'येट' चाललें म्हणून 'बट' चालत नाहीं.

तिसरी जागा विशेषणवाक्याची. 'काल मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनीं दिलेलें पुस्तक' या आपल्या रचनेंत नाम सर्वांच्या शेवटीं येतें. वाजंत्री, वऱ्हाडी सगळे पुढें जातात आणि नवरदेव मागून घोड्यावर येतो. इंग्रजींत नवरदेव पुढें, वऱ्हाड मागें : 'द बुक गिव्हन बाय द गेस्ट हू केम फ्रॉम मुंबई येस्टरडे.' हा क्रम उलटावा लागतो म्हणून मुलें तो टाळतात आणि तीन वाक्यें करून मोकळीं होतात. उपाय एकच. नाम आधीं कागदावर ठेवावें, मग 'कोणतें?' असा प्रश्न विचारून उत्तर त्याच्या पाठीमागें लिहावें. येथें स्वल्पविरामाकडेही लक्ष असावें. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ डॉक्टर' म्हणजे भाऊ एकच, आणि तो पुण्यास असतो ही जातां जातां दिलेली माहिती. दोन्ही स्वल्पविराम काढले कीं भाऊ अनेक झाले, आणि त्यांपैकीं पुण्याचा तेवढा डॉक्टर ठरला. एवढ्याशा रेघेनें कुटुंब वाढतें! मराठी गद्यांत हीं विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय मोल्सवर्थच्या कोशास साह्य करणाऱ्या मेजर थॉमस कँडीस देतात. तरी आपल्या विशेषणवाक्यांस असा स्वल्पविराम लागत नाहीं, म्हणून तो मुलांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

आणि चौथी जागा सर्वांत फसवी. 'नदीकांठीं फिरतांना त्याला साप चावला.' मराठी वाक्य निर्दोष आहे. कोण फिरत होतें याची शंका लहान पोरासही येत नाहीं. याचें शब्दशः इंग्रजी करा : 'वॉकिंग बाय द रिव्हर, अ स्नेक बिट हिम.' इंग्रजींत असें धातुसाधित पुढें येणाऱ्या कर्त्याच्या गळ्यांत पडतें, आणि येथें कर्ता साप आहे. म्हणजे नदीकांठीं हवा खात फिरत होता तो साप! 'हॅविंग ईटन अवर टिफिन, द बस स्टार्टेड' या वाक्यांत मुलांचा डबा बसनें खाल्ला. 'हिअरिंग द बेल, द प्लेग्राउंड बिकेम एम्प्टी' यांत घंटा ऐकली ती मैदानानें. मराठींत 'त्याला' हें रूपही मागच्या 'फिरतांना'चा धनी होऊं शकतें. इंग्रजींत तो मान केवळ कर्त्याचा. म्हणून अशा वाक्यास दोन प्रकारें वाट करून द्यावी. खरा मनुष्य कर्त्याच्या जागीं आणावा : 'वॉकिंग बाय द रिव्हर, ही वॉज बिटन बाय अ स्नेक.' नाहींतर धातुसाधित सोडून पुरें गौण वाक्य करावें : 'व्हाइल ही वॉज वॉकिंग बाय द रिव्हर, अ स्नेक बिट हिम.' ज्यास खात्री वाटत नाहीं त्यानें दुसरी वाट धरावी. ती थोडी लांबची, पण बिनधोक आहे.

वाक्यसंकलनाचे नियम आपल्याकडील पिढ्यान् पिढ्या ज्या पुस्तकावरून शिकल्या, तें रेन व मार्टिन यांचें व्याकरण. त्यांपैकीं पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होते, आणि 'बो जेस्ट' ही १९२४ सालची गाजलेली कादंबरीही त्यांचीच. त्या पुस्तकांतील अभ्यास आम्ही आजही करून घेतों. तथापि त्यांतील एका प्रकाराविषयीं आमचें मत निराळें आहे. 'द सन हॅविंग सेट, वुइ वेंट होम' ही स्वतंत्र कर्त्याची रचना व्याकरणशुद्ध आहे, परीक्षेंत ती ओळखतां आली पाहिजे. पण निबंधांत ती वापरूं नये. घरीं जातांना असें कोणी बोलत नाहीं. 'व्हेन द सन हॅड सेट' किंवा नुसतें 'आफ्टर सनसेट' पुरे होतें. चार शब्दांचें काम दोन शब्दांत होत असतां पांडित्य दाखवूं नये.

या सर्वांवरून लहान वाक्य हा दोषच आहे असा कोणी ग्रह करून घेईल, तर तोही चूक आहे. बेकनचे १५९७ सालीं प्रथम निघालेले निबंध आंखूड, ठाशीव वाक्यांनींच भरले आहेत, आणि मेकॉलेसारखा लेखक लांब वाक्यांच्या मध्यें एखादें चार शब्दांचें वाक्य हातोड्यासारखें मारतो. आमचीं मुलें १६११ सालचें इंग्रजी बायबल ऐकतात. त्यांत 'अँड' नें आरंभ होणारीं वाक्यें ओळीनें येतात, आणि कित्येकदां आम्हांस तो आधार दाखविण्यांत येतो. त्याचें कारण मूळ हिब्रू भाषेच्या धाटणींत आहे. भाषांतरकारांनीं ती धाटणी मुद्दाम राखली, आणि तिला एक गंभीर ताल आहे. सहलीच्या वर्णनास तो ताल शोभत नाहीं. लहान वाक्य भीतीच्या, घाईच्या, आज्ञेच्या किंवा निकालाच्या जागीं यावें. 'द लाइट्स वेंट आउट. नोबडी मूव्ह्ड.' हीं जोडणें म्हणजे काळोखांत दिवा लावण्यासारखें होईल. भोंवतीं सांधलेलीं वाक्यें असलीं तरच असें तुटक वाक्य उठून दिसतें. सगळींच तुटक असलीं म्हणजे एकही दिसत नाहीं.

पालकांसही दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपणांस इंग्रजी येत नाहीं म्हणून या कामीं आपण मुलास साह्य करूं शकत नाहीं, असें पुष्कळ आईबाप म्हणतात. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. संध्याकाळीं मुलगा घरीं आला म्हणजे शाळेंत आज काय झालें तें त्यास मराठींतच, पण एका दमांत सांगावयास लावावें. 'मास्तर आले नाहींत. आम्ही खेळलों. पाऊस आला,' असें तो सांगूं लागला तर 'मास्तर आले नाहींत म्हणून खेळलांत कीं आले नसतांनाही? पाऊस खेळण्याआधीं आला कीं खेळतांना?' असें विचारावें. त्या 'म्हणून', 'तरी', 'आधीं', 'असतां' या शब्दांतच सांधणीची सारी विद्या आहे, आणि ती ज्या घरांत एकही इंग्रजी पुस्तक नाहीं त्या घरांतही शिकवितां येते. गोष्टींचा परस्परसंबंध मराठींत ज्यास लागला, त्यास इंग्रजी अव्यय शोधून देण्याचें काम आमचें. मात्र वहींत दोनचार लाल खुणा अधिक दिसल्या तर रागावूं नये. जो मुलगा गेल्या वर्षीं चार शब्दांचीं वीस वाक्यें बिनचूक लिहीत होता, तो यंदा पंधरा शब्दांचीं आठ वाक्यें लिहून त्यांत तीन चुका करीत असेल, तर तो पुढें गेला आहे.

सुटींतील अभ्यासासाठीं एक उतारा देतों. माहिती आद्य मराठी वृत्तपत्राची आहे.

'बाळशास्त्री जांभेकर वॉज बॉर्न इन द कोंकण. ही केम टु बॉम्बे. ही स्टडीड इंग्लिश देअर. ही स्टार्टेड अ न्यूजपेपर इन १८३२. ही वॉज स्टिल अ व्हेरी यंग मॅन. इट वॉज कॉल्ड दर्पण. इट वॉज प्रिंटेड इन टू लँग्वेजेस. वन वॉज मराठी. द अदर वॉज इंग्लिश. इट कंटिन्यूड टिल १८४०.'

हीं दहा वाक्यें दोनदां लिहावीं. पहिल्या खेपेस 'दर्पण' पत्र ही मुख्य गोष्ट समजावी, दुसऱ्या खेपेस जांभेकरांचें तरुण वय. कोणत्याही खेपेस चारांहून अधिक वाक्यें होऊं नयेत, 'अँड' एका वाक्यांत दोनदां येऊं नये, आणि प्रत्येक धातुसाधिताचा धनी कोण हें विचारून पाहावें. 'इट' हा शब्द वृत्तपत्रासाठीं कीं आणखी कशासाठीं, याचा घोंटाळा मुद्दाम ठेविला आहे. तो आपला आपण सोडवावा. वह्या शाळा उघडल्यावर पहिल्याच तासास आणाव्या. दोन वह्यांतील उत्तरें तंतोतंत सारखीं निघालीं, तर मात्र आम्ही दोघांसही उभें करून कारण विचारूं.